ज्वारीला मान आला, दाम कुठे आहे?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण सुरू करण्याआधी थोडी मोजणी करू. आज सकाळी घरून निघताना ज्यांनी ज्वारीची भाकरी खाल्ली असेल त्यांनी हात वर करा. ठीक आहे, तीस-पस्तीस हात आहेत. आता गेल्या खरिपात किंवा रब्बीत ज्यांनी आपल्या रानात ज्वारी पेरली त्यांनी हात वर करा. लाजू नका, वर करा. मी नऊ मोजले. मंडपात दोन-अडीचशे माणूस बसला आहे आणि सगळा कोरडवाहू आहे. तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला असता तर हात खाली कुणाचा आहे हे शोधावे लागले असते.

आज मला बोलायला सांगितले आहे ते ज्वारीवर. तुम्ही म्हणाल, ज्वारीवर काय बोलायचे? कपाशीचा भाव, सोयाबीनचे पडलेले बाजार, कर्ज, वीज असे विषय काय कमी आहेत? मलाही तसेच वाटले असते. पण दोन वर्षांपूर्वी मी धाकट्या मुलाकडे पुण्याला गेलो होतो. सून म्हणाली, बाबा, चला, किराणा आणू. दुकान कसले, आपल्या जिनिंगच्या गोदामाएवढे मोठे. तिथे एका फळीवर चकचकीत पाकिटे मांडलेली आणि वर पाटी लावलेली : पुरातन धान्ये. पाहतो तर आपली ज्वारी! पीठ, रवा, पोहे, लाह्या, बिस्किटे, शेवया. तिथली पोरगी मला समजावून सांगू लागली, ‘काका, हे फार जुने धान्य आहे, तब्येतीला फार चांगले.’ मी म्हटले, ‘पोरी, मीही जुनाच आहे, माझा काही भाव येतो का बघ.’

पिठाच्या पाकिटावर किंमत होती किलोला ९५ रुपये. त्याच महिन्यात माझ्या शेजाऱ्याने बाजार समितीत २५ रुपये किलोने ज्वारी घातली होती. ९५ आणि २५. मधले ७० रुपये कुठे राहिले, हा एक प्रश्न. आणि पुण्याचा साहेब ज्या भाकरीसाठी ९५ रुपये मोजतो ती भाकरी माझ्या आणि तुमच्या ताटातून का गेली, हा दुसरा. मला विचाराल तर दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे.

आधी हे ‘पुरातन’ म्हणजे किती जुने ते पाहू. ज्वारीचे माहेर आफ्रिकेत. आजच्या सुदान देशाच्या पूर्व भागात माणसाने ती लावायला सुरुवात केल्याला सुमारे ५००० वर्षे झाली. रानातले गवत होते. बायामाणसांनी त्याचे दाणे झोडून आणले, त्यातले न गळणारे, भरदार कणीस निवडून पुन्हा पेरले आणि पिढ्यान् पिढ्या तेच करत राहिले. तिथून ती समुद्रापलीकडे आपल्याकडे आली, त्यालाही सुमारे ४००० वर्षे होत आली. सुदानमध्ये आजही ज्वारीचे पीठ आंबवून त्याच्या पातळ पोळ्या घालतात, त्याला ते किसरा म्हणतात. आपली आंबील आणि त्यांचा किसरा या सख्ख्या बहिणी म्हणायला हरकत नाही. मजा अशी की तिथली मातीही आपल्यासारखी काळी, भेगाळणारी. १९२५ साली इंग्रजांनी तिथे निळ्या नाईल नदीवर धरण बांधले आणि गझिरा नावाच्या भागात कालव्यावर कापूस लावून घेतला, मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी. कापूस साहेबाचा, पण कुळांनी पोटासाठी शेजारच्या तुकड्यात ज्वारी ठेवली. कापूस बाजारासाठी आणि ज्वारी घरासाठी ही वाटणी आपल्या बापजाद्यांचीच नव्हे, समुद्रापलीकडच्या काळ्या मातीतल्या शेतकऱ्याचीही होती. ज्याचा भाव दुसऱ्याच्या हातात आहे असे पीक घेणाऱ्याने पोटाचे पीक आपल्या हातात ठेवावे, एवढे शहाणपण त्याला कुणी शिकवावे लागले नाही.

ते शहाणपण आपण कसे गमावले? आपण आळशी झालो म्हणून नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण शहरातले काही लोक आता आपल्यालाच उपदेश करतात की शेतकऱ्याने पारंपरिक धान्य सोडले आणि स्वतःचे वाटोळे केले. सोडले नाही, सोडायला लावले.

१९७० च्या सुमारास या देशात १ कोटी ७० लाख हेक्टरवर ज्वारी होती. आज ती ४० लाख हेक्टरच्या आसपास उरली आहे. या काळात काय झाले ते आठवा. देशाचे धान्याचे सगळे धोरण गहू आणि तांदूळ या दोन पिकांभोवती फिरले. पाणी त्यांना, खत त्यांना, खरेदी त्यांची, गोदामे त्यांची. ज्वारीला १९६४ साली सीएसएच-१ हे पहिले संकरित बियाणे मिळाले. उतारा वाढला हे खरे, नाकारण्यात अर्थ नाही. पण खरिपाची संकरित ज्वारी दाणे भरताना परतीच्या पावसात सापडली की काळी पडते. काळी ज्वारी व्यापारी विचारत नाही, आणि घरच्या बाईला तिची भाकरी करवत नाही. मग रेशनवर गहू-तांदूळ आला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर लिहिला होता. कागदावर सगळ्यात स्वस्त आमची ज्वारी. आमच्या गावच्या रेशन दुकानात मला वर्षानुवर्षे दिसला तो मात्र गहू आणि तांदूळच. २०२३ च्या जानेवारीपासून तर धान्य फुकट झाले. जिथे तांदूळ फुकट येतो तिथे गरीब माणूस ज्वारी पेरील कशाला, राखील कशाला आणि दळील कशाला?

तिसरे कारण पाखरांचे आणि रानडुकरांचे. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरे सगळ्यांच्या रानात वाटली जायची. आता गावात एकाने दोन एकर पेरली की दहा गावांची पाखरे त्याच्याच माळ्याखाली. गोफण फिरवायला पोरे नाहीत, रात्री जागलीला माणूस नाही. त्यातच सोयाबीन आले, २००२ पासून बीटी कपाशी आली. नगदी पैसा दिसला आणि ज्वारी मागे सरकत सरकत बांधाबाहेर गेली.

इतके झाल्यावर आता दिल्लीला जाग आली. २०१८ च्या एप्रिलमध्ये सरकारने हुकूम काढला की ज्वारी, बाजरी, नाचणी यांना यापुढे पोषक तृणधान्य म्हणायचे. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, आणि त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात या धान्याला ‘श्री अन्न’ असे नाव मिळाले. भरड होती ती पोषक झाली, पोषक होती ती श्री झाली. पाच वर्षांत दोन बारशी. बाळाला नावे ठेवून झाली, आता दूध कोण पाजणार ते सांगा!

असो. सरकारवर टीका करून टाळ्या मिळतात, पोट भरत नाही. आता ज्वारी खरोखर चांगली आहे का, आणि किती चांगली, हे नीट पाहू. इथे मला थोडे सांभाळून बोलायचे आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या देशातल्या अन्नाचे तक्ते छापले. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतुमय भाग म्हणजे चोथा, आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या, पॉलिश केलेल्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम, चोथा ३ ग्रॅमच्याही आत आणि लोह १ मिलिग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे ज्या घरात दोन्ही वेळा रेशनचा पांढरा भात शिजतो त्या घरातल्या लेकीबाळींच्या अंगात रक्त कमी का, याचे एक कारण तुमच्या ताटातच आहे. चोथ्यामुळे पोट साफ राहते आणि भूक लवकर लागत नाही. भाकरी खाऊन माणूस दुपारपर्यंत वखर हाकतो आणि भात खाऊन दहा वाजता सावली शोधतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण दुसरी बाजूही सांगतो. घरच्या गव्हाचे, चक्कीवर दळलेले, कोंड्यासकटचे पीठ घेतले तर त्यातही प्रथिने, चोथा आणि लोह जवळपास ज्वारीएवढेच निघते. तेव्हा गहू म्हणजे विष आणि ज्वारी म्हणजे अमृत असे कुणी सांगत असेल तर तो काहीतरी विकायला आलेला आहे असे समजा. फरक पडतो तो मैद्याशी आणि पांढऱ्या तांदळाशी. आणखी एक फरक आहे : गव्हात ग्लुटेन नावाचे जे प्रथिन असते ते ज्वारीत नाही. काही माणसांना हे ग्लुटेन चालतच नाही, आतड्यांना इजा होते. डॉक्टरांनी तपासून तसे सांगितलेल्या माणसाला ज्वारी हा मोठा आधार. अमेरिकेतल्या दुकानांत ज्वारीचे पीठ खपते ते यासाठी. बाकी निरोगी माणसाला गहू सोडण्याचे कारण नाही.

ज्वारीची एक कमतरताही आहे. तिच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो. तो डाळीत भरपूर असतो. म्हणून नुसत्या भाकरी-मिरचीने अंग भरत नाही, तिच्याबरोबर तुरीचे वरण, मुगाची उसळ, बेसन लागते. धान्यातले लोह अंगी लागायलाही मदत हवी. भाकरीबरोबर लिंबू पिळा, कोवळी पालेभाजी खा, चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नका. आपल्या आजीने ज्वारीच्या ओळीजवळ तुरीची ओळ लावली आणि भाकरीबरोबर वरण वाढले, तेव्हा तिने पोषणाचे पुस्तक वाचले नव्हते. रान आणि ताट यांचा मेळ तिला माहीत होता.

आता साखरेच्या आजाराबद्दल. हे मी दुसऱ्याचे सांगत नाही, माझे सांगतो. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मोबाईलवर एक लेख फिरत आला, ‘ज्वारी खा, गोळ्या सोडा.’ मला फार आनंद झाला. आपलेच धान्य, आपलेच औषध! मी गोळ्या बंद केल्या. ज्वारीला मोजमाप लागत नाही असे समजून एका वेळेला चार-चार भाकरी खाऊ लागलो, कधी गुळाबरोबर, कधी दुधात कुस्करून. बायको म्हणायची, ‘अहो, एकदा रक्त तपासून या.’ मी तिला पुरातन धान्याचा महिमा ऐकवायचो. तीन महिन्यांनी उजव्या पायाला काटा लागला. जखम भरेना, चिघळली. दवाखान्यात गेलो तेव्हा साखर चारशेच्या वर होती. पायाचे एक बोट काढावे लागले. मंडळी, मी या मंचावर चढताना लंगडत आलो ते वयाने नाही.

डॉक्टरांनी मला साधी गोष्ट सांगितली. भाकरीतही पिष्टच आहे. आपल्याकडच्या एका मोठ्या भाकरीला शंभर ग्रॅम पीठ लागते, त्यात सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्टमय भाग. तो पोटात गेला की त्याची साखरच होणार. भातापेक्षा सावकाश होते, हा तिचा गुण. पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर सावकाशपणा संपला. मी आता एका वेळेला दीड भाकरी खातो, बाकी ताट भाजी आणि वरणाने भरतो, आणि गोळी वेळेवर घेतो. ज्वारी हे अन्न आहे, औषध नाही. ज्यांना साखरेचा, रक्तदाबाचा आजार आहे त्यांनी ज्वारी जरूर खावी, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी सोडू नये. माझे बोट गेले, तुमचे जाऊ नये म्हणून हे सगळ्यांसमोर सांगितले.

शहरातल्या पाकिटांबद्दलही एक सूचना. तुमची शहरातली मुले ज्वारीची बिस्किटे आणतात आणि पौष्टिक म्हणून नातवाला देतात. पाकीट उलटे करून वाचायला सांगा. जो जिन्नस वजनाने जास्त त्याचे नाव आधी छापायचे, असा नियम आहे. पहिले नाव मैदा, दुसरे साखर, तिसरे तेल आणि मग कुठेतरी ज्वारी असे असेल तर ते बिस्किट मैद्याचेच. त्यापेक्षा नातवाला लाह्या द्या, कण्या द्या, ताकातली आंबील द्या. उन्हाळ्यात धापोडे घाला. पौषात रानात हुरडा भाजा, त्याला कुठल्या पाटीची गरज नाही.

दोन गोष्टी मात्र जपून करा. एक, पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी माणसाने खाऊ नये. १९९५ साली दख्खनच्या काही खेड्यांत अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. तपासणीत त्या धान्यात बुरशीचे विष सापडले. धुऊन, वाळवून, भाजून हे विष जाईलच असे नाही. काळा दाणा वेगळा काढा. दोन, हल्ली मोड आणून खायची टूम निघाली आहे. मूग-मटकीला ठीक. ज्वारीच्या कोंबात मात्र तेच विष तयार होते जे कोवळ्या ज्वारीत असते. कोवळी ज्वारी चरून जनावर कसे दगावते ते आपण पाहिले आहे. मोड आणलेली ज्वारी कच्ची खाऊ नका. सत्त्वासाठी मोड आणलेच तर वाळवून, चोळून, कोंब आणि मुळ्या पूर्ण काढून टाका आणि मगच भाजा, दळा.

आता पैशाचा हिशोब. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये क्विंटल जाहीर केला, मालदांडीचा ३७४९. मध्यम धाग्याच्या कापसाचा ७७१०. सरकारच्याच हिशोबाने संकरित ज्वारीचा उत्पादन खर्च क्विंटलला २४६६ आणि त्यावर दीडपट भाव दिला. ऐकायला बरे वाटते. पण या खर्चात तुमच्या स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरलेले नाही. आणि भाव जाहीर होणे वेगळे, मिळणे वेगळे. खरेदी केंद्र उघडेपर्यंत गरजवंताची ज्वारी व्यापाऱ्याच्या काट्यावर गेलेली असते.

माझ्या रानातला आकडा सांगतो. पावसाने साथ दिली तर मला एकरी आठ क्विंटल ज्वारी होते. हमीभावाने धरली तर २९,५९२ रुपये. माझ्या शेजाऱ्याने विकली तशी २५ रुपये किलोने धरली तर २०,००० रुपये. त्याच रानात कापूस पाच क्विंटल झाला तर हमीभावाने ३८,५५०. तेव्हा कपाशी मोडून सगळी ज्वारी पेरा, शहरात सोन्याच्या भावाने जाते, असे मी तुम्हाला सांगणार नाही. जो सांगेल त्याला २५ आणि ९५ मधला फरक विचारा. शहराची मागणी अजून पाकिटापुरती आहे. सगळ्यांनी एकदम पेरली तर भाव २५ चे १८ होतील आणि पाकीट ९५ चेच राहील.

पण हिशोब इथे संपत नाही. त्या एकरातून मला पंचवीस क्विंटल कडबाही मिळतो. एका बैलाला दिवसाला साडेसहा किलो धरा, बैलजोडीची सहा महिन्यांची वैरण झाली. ती विकत घ्यायला गेलात तर काय लागते ते उन्हाळ्यात गाय विकून आलेल्या माणसाला विचारा. आमच्या गावात बैलजोड्या कमी झाल्या त्या ट्रॅक्टर आला म्हणून, हे अर्धे कारण. कडबा गेला म्हणून, हे दुसरे अर्धे.

आणि घर. पाच माणसांच्या घराला माणशी ३०० ग्रॅम धान्य धरले तर वर्षाला साडेपाच क्विंटल लागते. म्हणजे एक एकर ज्वारी घराची वर्षाची भाकरी देते, बियाणे आणि पाहुणारावळा धरून. ही ज्वारी विकायचीच नाही, तेव्हा व्यापाऱ्याच्या बोलीचा प्रश्नच येत नाही. दुकानातून किलोला ४०-५० देऊन आणण्याऐवजी घरात आली, हाच तिचा भाव. बाजार समितीत मला न मिळणारा भाव माझ्या चुलीवर मिळतो.

ज्यांना अख्खा एकर सोडणे परवडत नाही त्यांच्यासाठी जुनी वाट आहेच. कपाशीच्या सहा ओळी, ज्वारीची एक, तुरीच्या दोन, पुन्हा ज्वारीची एक. ही पद्धत आपल्या भागात शिफारस झालेली आहे, आपले वडील त्याहून आधीपासून करत होते. कापूस फसला तर ज्वारी आहे, ज्वारी फसली तर तूर आहे.

आता मायबहिणींशी दोन शब्द. पुरुषांच्या तोंडी सोपे असते, ‘भाकरीच बरी.’ थापायची कुणी? चुलीच्या धगीपुढे बसायचे कुणी? ज्वारीचे पीठ शिळे झाले की विरी जाते, भाकरी तुटते, म्हणून आठ-आठ दिवसांनी दळण लागते. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईने तांदूळ चढवला तर तिचा दोष नाही. भाकरी परत ताटात आणायची असेल तर तिचे कष्ट वाटून घ्यावे लागतील. दळण पुरुषाने आणावे. आणि माझे सांगतो, बोट गेल्यावर घरी बसलो तेव्हा मी भाकरी थापायला शिकलो. पहिल्या पंधरा दिवसांच्या भाकऱ्यांना भारताच्या नकाशाचा आकार होता. आता गोल होतात. माझी मर्दानगी कुठे गेली नाही.

मंडळी, १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, मिलो म्हणायचे तिला. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. माय म्हणायची, ‘खाय बापू, आपली पिकली का मंग पांढरी भाकर देतो.’ ज्वारी पिकवणाऱ्या देशाला साता समुद्रापलीकडची ज्वारी खावी लागली, ती पाऊस गेला म्हणून. आज पाऊस आहे, रान आहे, बियाणे आहे, तरी आपल्या ताटात दुसऱ्याने पाठवलेले धान्य आहे. फुकट आहे म्हणून ते गोड लागते. पण जे दुसरा देतो ते दुसरा बंदही करू शकतो.

म्हणून या बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो. पहिली, येत्या हंगामात प्रत्येकाने घरापुरती ज्वारी पेरावी, एकर नाही तर ओळी तरी. दुसरी, एकट्याने पेरू नये. गावात दहा-पंधरा जणांनी मिळून एकाच चकात, एकाच आठवड्यात पेरावी, म्हणजे पाखरे वाटली जातील आणि राखण पाळीने करता येईल. तिसरी, ज्याच्याकडे घर भागून चांगली पांढरी ज्वारी उरेल त्याने ती पोत्याने व्यापाऱ्याला घालण्याआधी शहरातल्या आपल्याच पोरांना, सोयऱ्यांना, त्यांच्या शेजाऱ्यांना विचारावे. निवडून, स्वच्छ करून ५० रुपये किलोने दिली तर घेणाऱ्याचे ४५ वाचतात आणि देणाऱ्याला दुप्पट मिळतात. बचत गटाच्या बायांनी ताजे पीठ दिले तर आणखी बरे. चौथी मागणी सरकारकडे : हमीभावाचे खरेदी केंद्र मळणीच्या वेळी उघडा आणि खरेदी केलेली ज्वारी याच जिल्ह्याच्या रेशनवर, अंगणवाडीत आणि शाळेच्या आहारात द्या. शेजारच्या कर्नाटकाने रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली आहे. तिथे जमते ते इथे का जमू नये?

श्री अन्न म्हणा, पुरातन म्हणा, नाही तर पूर्वीसारखे भरड म्हणा. नावाने आमची तक्रार नाही. आम्ही तिला ज्वारीच म्हणू आणि आधी घरी खाऊ.

पुढच्या खरिपानंतर याच मंडपात बैठक होईल. येताना प्रत्येकाने आपल्या रानातल्या ज्वारीची शिदोरी आणावी, चटणी-पिठल्याची सोय मंडळ करील. तेव्हा मी पुन्हा हात वर करायला सांगणार आहे. नऊचे नव्वद झाले पाहिजेत.

एवढे बोलून थांबतो.